कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आणि माझी माशांची यादी

मी आधी माशांची यादी केली आणि पाण्याचा विचार नंतर. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

टाकी ९० सेंटिमीटरची. तळाला बारीक वाळू, वेडंवाकडं लाकूड आणि बदामाची वाळलेली पानं. पानांनी पाणी हळूहळू कोऱ्या चहासारखं झालं. ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ निग्रोचं पाणी असंच असतं. पुरात बुडालेल्या जंगलातला पालापाचोळा कुजतो, त्यातून टॅनिन आणि ह्युमिक आम्लं उतरतात. क्षार जवळपास नसतातच, पीएच ४ ते ५ च्या घरात, म्हणजे पाणी चांगलंच आम्लधर्मी.

या पाण्यापुढे यादी गळत गेली. गप्पी पहिला गेला, त्याला जड, म्हणजे भरपूर क्षारांचं पाणी मानवतं. एंजल मोठा झाला की टेट्रासारखे छोटे मासे गिळतो. निळ्या रॅम माशावर मात्र माझा जीव होता; दोन दिवस स्वतःशीच भांडलो. पण तो दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या तापलेल्या गवताळ मैदानांतला, त्याला २८ अंशांच्या वरचं पाणी हवं आणि मी २६ ठेवणार होतो. शेवटी सोडला.

शिवाय तपकिरी पाणी निळा प्रकाश शोषून घेतं. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली झगमगणारे निळे मासे इथे मळकट दिसले असते. लाल आणि केशरी मात्र खुलतात. मग निळ्या पट्ट्याचा कार्डिनल टेट्रा का घेतला? त्याचा पट्टा रंगद्रव्याचा नसतोच. कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून तो अंधुक पाण्यातही चमकतो. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या निऑन टेट्राची लाली अर्ध्या अंगावर, कार्डिनलची डोक्यामागून शेपटीपर्यंत. बाजारात ब्राझीलमधल्या बार्सेलूस भागात जाळ्यांनी पकडलेले कार्डिनलही येतात.

आधी आठच आणले. लाकडामागे दडून बसले, बाहेर यायचं नावच नाही. बारा वाढवले आणि तरंगत्या वनस्पतींनी प्रकाश कमी केला, तेव्हा कुठे थवा बाहेर पडला. पहाटे दिवा लावला आणि सगळे फिकट दिसले, तेव्हा छातीत धस्स झालं! नंतर कळलं, रात्री त्यांचा पट्टा मावळतोच. थोड्या वेळात पुन्हा पेटले.

तळासाठी एपिस्टोग्रामा अगासिझी हे छोटे मासे: एक नर, दोन माद्या. नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी, केशरी. माद्या करड्या, बारक्या. खरं सांगायचं तर नाइलाजाने घेतल्या, कारण जोडीदाराशिवाय नर घेण्यात अर्थ नव्हता. तीन महिन्यांनी त्यांतली एक लाकडाखालच्या पोकळीतून बाहेर आली ती लिंबासारखी पिवळीजर्द, अंगावर काळ्या खुणा. जवळ आलेल्या नरालाही तिने पिटाळून लावलं. आत अंडी होती.

तेव्हापासून त्या कोपऱ्यातली पानं मी हलवलेली नाहीत.