सिड मायर्स पायरेट्स!: लढायचं एका जहाजाने, सांभाळायचा अख्खा ताफा

ताफ्यात आठ जहाजं ठेवता येतात म्हणून आठ ठेवायचीच, या एका समजुतीपायी ‘सिड मायर्स पायरेट्स!’ या चाचेगिरीच्या कॉम्प्युटर खेळातले चांगले चाललेले डाव बिघडतात. लढाईत हरून डाव जाणं त्या मानाने कमी घडतं. अन्न संपतं, खलाशी कुरकुरू लागतात, वाऱ्याच्या तोंडी महिने निघून जातात आणि बंदरात पाय ठेवला की माणसं पसार होतात. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं सुट्टीत हा खेळ लावतात. २००४ चा असल्यामुळे तो साध्या लॅपटॉपवरही चालतो. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

आधी वारा, कारण या खेळात तोफेच्याही आधी वारा येतो. कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. खऱ्या समुद्रातही तसंच आहे, खेळातही तसंच ठेवलंय. बार्बाडोस किंवा त्रिनिदादहून हवानाकडे निघालात तर जहाज पाण्यावरून घसरत गेल्यासारखं जातं. तोच रस्ता उलटा धरला की अंगात ताप असल्यासारखं सरकतं. पावसाळ्याच्या तोंडाला खानापूर रोडवर वाऱ्याविरुद्ध सायकल मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून मोहीम पूर्वेकडून सुरू करायची, लूट गोळा करत पश्चिमेकडे यायचं, आणि जड जहाजं पश्चिमेकडच्या बंदरांत विकून हलक्या ताफ्याने परत पूर्वेला चढायचं. भरलेली गॅलिअन, म्हणजे मोठं अवजड जहाज, घेऊन पूर्वेला चढायला जाऊ नका. ज्यांनी एकदा केलंय ते पुन्हा करत नाहीत.

लढाईत ताफा तुमच्या मदतीला येत नाही. सुरुवातीला एक जहाज निवडायचं, तेवढंच मैदानात उतरतं, बाकीची नुसती बघत राहतात. ताफ्यात दुसरी मोठी लढाऊ जहाजं किती आहेत यावर लढाईचा निकाल ठरत नाही. ठरतो तो एकाच जहाजावर. त्या जहाजावर खलाशी जास्तीत जास्त किती मावतात, ते वळतं किती चटकन आणि कोणत्या दिशेच्या वाऱ्यावर पळतं, हे बघून निवड करायची.

माझी पसंती स्लूप ऑफ वॉर किंवा ब्रिग ऑफ वॉर, या चपळ लढाऊ जहाजांना. शिप ऑफ द लाइन या अवाढव्य युद्धनौकेच्या तोफा बघून मन हरखतं, पण ते वळेपर्यंत छोटं जहाज त्याच्या पिछाडीला जाऊन बसतं. शिवाय मोठ्या जहाजाला उथळ खडकाळ पाणी सोसत नाही. स्लूप आणि पिनस ही छोटी जहाजं तिथून सरळ निघून जातात, मोठी जहाजं अडतात आणि फुटतात. तुमच्या मागे शत्रूचं मोठं जहाज लागलं असेल आणि तुम्ही स्लूपवर असाल तर किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा हाच तुमचा किल्ला.

लढाई सुरू झाल्यावर पहिले काही क्षण गोळी झाडायची नाही. वाऱ्याचा बाण बघायचा आणि शत्रूच्या वरच्या अंगाला, म्हणजे ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूला जायचं. तिथून तुम्ही हवं तेव्हा त्याच्यावर उतरू शकता. त्याला मात्र तुमच्याकडे यायला वाऱ्याशी झगडावं लागतं. तोफा जहाजाच्या दोन्ही कडांना असतात, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि पिछाडीला नाहीत. म्हणून शत्रूच्या नाळेसमोर किंवा पिछाडीला राहिलात तर त्याच्या तोफा तुम्हाला बघतसुद्धा नाहीत, आणि तुमची कड त्याच्याकडे वळलेली असली तर सगळ्या तोफा त्याच्या अंगावर. त्याची कड तुमच्याकडे वळायला लागली की लगेच तुमची नाळ त्याच्याकडे करायची. अरुंद अंगावर गोळे कमी लागतात, बरेचसे दोन्ही बाजूंना पाण्यात पडतात.

दर्यावर्दींना हे काही नवं नाही. आंग्र्यांची छोटी गलबतं आणि त्यांहून मोठी गुराब जहाजं मोठ्या युरोपीय जहाजांच्या मागून येत, शिडं आणि दोरखंड तोडत, जहाज जागीच लुळं पडलं की गलबतांतली माणसं वर चढत. वारा पडला तर गलबतं वल्ह्यांवर गुराबांना ओढून नेत. खेळ सुरू करताना साल निवडायला मिळतं, त्यात १६६० आहे. त्यानंतर चारच वर्षांनी मालवणात सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. दिवाळीत अंगणात सिंधुदुर्ग बांधणाऱ्या मुलांनी या खेळातलं ‘मागून जा, शिडं तोड, मग चढ’ हे सूत्र आंग्र्यांचं म्हणूनच लक्षात ठेवावं, पटकन डोक्यात बसतं.

गोळ्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. राउंड शॉट सर्वांत लांब जातो. तो जहाजाचं अंग फोडतो, तोफा निकामी करतो, माणसंही मारतो. चेन शॉटने शिडं फाटतात आणि डोलकाठ्या पडतात. ग्रेप शॉट अगदी जवळून मारायचा. तो माणसं टिपतो आणि जहाजाला फारसा धक्का लावत नाही. चेन आणि ग्रेप आयते मिळत नाहीत, बंदरातल्या जहाज-कारागिराकडून विकत घ्यावे लागतात. हातात पहिले पैसे आले की इतर काही घेण्याआधी हे दोन घ्या.

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. राउंड शॉटचा भडिमार करून तो जहाज बुडवतो आणि जिंकल्याचा आनंद मानतो. बुडालेल्या जहाजाचं सोनं, माल, तोफा, सगळं तळाशी जातं, आणि विकायला जहाजही उरत नाही. व्यापारी जहाजावर तर राउंड शॉट जवळजवळ वापरूच नये. लांबून चेन शॉटच्या एक-दोन फैरी मारायच्या. डोलकाठी पडली की ते जागेवर डुलत राहतं. मग पिछाडीकडून जवळ जायचं आणि ग्रेप भरायचा. गोळा बदलला की तोफा पुन्हा भराव्या लागतात, म्हणून अंतर कमी व्हायला लागताच आधीच बदलून ठेवा. ऐन कडेला आल्यावर बदलायला गेलात तर तोफा रिकाम्या आणि शत्रू समोर, अशी गत होते.

फैर कधी सोडायची हे हाताला बसायला वेळ लागतो. गोळे हवेत कमान करून जातात, तोवर शत्रू पुढे सरकलेला असतो. त्यामुळे नेम जहाजावर धरायचा नाही, त्याच्या नाळेच्या पुढच्या पाण्यावर धरायचा. पहिली फैर कुठे पडली ते पाण्यातल्या उसळणाऱ्या तुषारांवरून कळतं. तुषार शत्रूच्या मागे उठले तर पुढची फैर आणखी पुढे टाका. तुमच्या आणि त्याच्या मधल्या पाण्यात उठले तर अजून अंतर जास्त आहे, जवळ जा. सगळ्या तोफा भरल्या नसतानाही बटण दाबलं की जेवढ्या भरल्यात तेवढ्या उडतात. घाईघाईने चार-चार तोफांच्या फैरी सोडण्यापेक्षा थांबून भरलेली पूर्ण कड एकदम सोडलेली बरी.

शिडं पूर्ण उघडी ठेवली की वेग मिळतो, पण चेन शॉटने तीच जास्त फाटतात. गुंडाळून कमी केली की जहाज चटकन वळतं आणि शिडांचं नुकसानही कमी होतं. पाठलागात पूर्ण शिडं, जवळच्या घुमाघुमीत कमी शिडं. एवढा एक बदल केला तरी बऱ्याच लढाया सोप्या होतात.

शत्रूच्या जहाजावर चढण्याआधी दोन्हीकडची माणसं मोजा. तुमची ६० आणि त्याची १२० असतील तर तुम्ही तलवारीत कितीही तरबेज असलात तरी ते धोक्याचं आहे, कारण कप्तानांची तलवारबाजी चालू असताना मागे खलाशांचीही मारामारी चालू असते. ग्रेपने त्याची माणसं आधी तुमच्या बरोबरीला किंवा खाली आणा. बऱ्याचदा मग तलवार उपसायचीही गरज पडत नाही, समोरचा स्वतःच झेंडा उतरवतो.

आता ताफा. इथे मी आग्रहाने सांगेन: एक लढाऊ जहाज, एक-दोन मालवाहू, आणि शक्य असेल तर एक छोटं वेगवान. तीन ते चार, पुरे. कारण ताफ्याचा वेग ठरतो तो सर्वांत मंद जहाजावरून. गळीत हंगामात निपाणीहून संकेश्वरकडे येताना तवंदी घाटात उसाच्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे लागला की मागची सगळी रांग त्याच्याच चालीने चालते, पुढची गाडी कितीही नवी असो. ताफ्यात एक गॅलिअन आली की तुमची स्लूपही गॅलिअनच्या चालीने चालते. शिडं फाटलेलं, अंग फुटलेलं जहाज आणखी मंद होतं. नुकतंच पकडलेलं जहाज म्हणूनच सगळ्यांना मागे ओढतं. ते जवळच्याच बंदरात विकून टाका. भाव थोडा कमी मिळाला तरी लांबच्या बंदराचा मोह नको, कारण तिथे पोचेपर्यंत गेलेले महिने जास्त महाग पडतात.

मालाच्या बाबतीत आपल्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला एक गोष्ट चटकन कळेल. साखर तिथेच पिकते, म्हणून स्वस्त. युरोपातून येणारा माल आणि चैनीच्या वस्तूंना भाव चांगला. ताफ्यातली जागा मोजकी असताना साखरेने ती भरू नका. जास्तीच्या तोफाही जागा खातात. तुमच्या लढाऊ जहाजावर बसतील तेवढ्या ठेवून उरलेल्या विकून टाका. त्यातही माणसं कमी आणि तोफा जास्त असतील तर तोफा भरायला वेळ लागतो, म्हणजे जास्तीच्या तोफेने ताकद वाढतेच असं नाही.

माणसांचा हिशेब तर कागदावर मांडून बघा. तिजोरीत ६,००० सोनं आणि ३०० माणसं असतील तर डोई २० येतात. तेवढंच सोनं १०० माणसांत असेल तर डोई ६०. खलाशी याच नजरेने बघतात. माणसं जास्त झाली की लूट वाढूनही चेहरे पडतात, अन्नही झपाट्याने संपतं. उलट फार कमी माणसं घेऊन मोठ्या जहाजावर चढता येत नाही. लढाऊ जहाज पूर्ण भरेल इतकी माणसं, आणि बाकीची जहाजं हाकायला लागतील तेवढीच. त्याहून जास्त भरती करायची असेल तर ती एखाद्या शहरावर चाल करून जायच्या अगोदर, लगेच.

पकडलेल्या जहाजांवर कधीकधी तरबेज माणसं सापडतात. सुतार समुद्रातच जहाजाची डागडुजी करतो, शिडवाला शिडं शिवतो, गोलंदाजामुळे तोफा लवकर भरतात, दिशा दाखवणाऱ्या नेव्हिगेटरमुळे वेग वाढतो. वैद्य जखमींतले मरणारे कमी करतो. कूपर, म्हणजे पिंपं बनवणारा, अन्न जास्त दिवस पुरवतो, आचारी आणि खलाशांवर देखरेख करणारा क्वार्टरमास्टर माणसांची मनं सांभाळतात. माझ्या मते पहिला शोध सुताराचा घ्या, कारण प्रत्येक लढाईनंतर बंदर गाठावं लागणं हाच सर्वांत मोठा खर्च आहे, पैशापेक्षा वेळेचा. त्यानंतर कूपर.

अपग्रेड एका जहाजावरच बसतं, ताफ्यावर नाही. ज्या जहाजावर शेवटपर्यंत लढायचं ठरवलंय त्याच्यावरच खर्च करा. सुती शिडांनी वेग येतो, तांब्याच्या पत्र्याने वळण चटकन होतं, बारीक दारूने गोळा लांब जातो, काशाच्या तोफांनी नेम सुधारतो, लोखंडी मजबुतीने अंग जास्त मार सोसतं, आणि झोपायच्या तिहेरी झोळ्यांमुळे माणसं जास्त मावतात. वेग आणि वळण आधी, मजबुती शेवटी. वरच्या अंगाला राहणाऱ्या जहाजाला मार कमीच खावा लागतो. त्या त्या देशाकडे तुमचा हुद्दा वाढला की कारागिराचे दर उतरतात, म्हणून एखाद्या देशाशी मैत्री पक्की करून मग तिथेच खर्च केलेला फायद्याचा.

ताफा एका जागी कोंबून ठेवला तर काय होतं, हे आपल्या किनाऱ्याने १७५६ मध्ये पाहिलंय. विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांची जहाजं दाटीने उभी होती. इंग्रजांच्या तोफेने एकाला आग लागली आणि एकाकडून दुसऱ्याकडे जात जवळजवळ सारं आरमार जळालं. खेळात आग अशी पसरत नाही. पण सगळी संपत्ती एका गोष्टीत अडकवून ठेवायची नाही, हे त्यातून उचलता येतं. सोनं बऱ्यापैकी साठलं आणि माणसं कुरकुरायला लागली की थांबू नका, मोहीम संपवून लुटीची वाटणी करून टाका.

वाटणीत एक गोष्ट विसरू नका. त्या वेळी तुमच्याकडे फक्त तुमचं मुख्य जहाज उरतं, बाकी ताफा हातचा जातो आणि माणसंही पांगतात. म्हणून वाटणीला जाण्याआधी बंदरातच माल विकायचा, मग तोफा, मग एकेक करून जास्तीची जहाजं विकायची, आणि मुख्य जहाज म्हणून अपग्रेड केलेलं जहाजच निवडलेलं आहे ना, ते एकदा स्क्रीनवर डोळ्यांनी बघून घ्यायचं. मालवाहू जहाज मुख्य असताना वाटणी झाली तर सुती शिडं, तांब्याचा पत्रा, चेन आणि ग्रेप, सगळं दुसऱ्या जहाजाबरोबर निघून जातं, आणि पुढची मोहीम एका मंद जहाजावर, रिकाम्या हाताने सुरू करावी लागते.