वरचे लोक रात्री गोट्या खेळत नाहीत

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, वरच्या मजल्यावरून रात्री-अपरात्री गोटी पडल्यासारखा आवाज येतो असं सांगणारा एकतरी निघतोच. आधी धप्प, मग टक, टक, टकटकटक. कुणी म्हणतं वरची पोरं झोपतच नाहीत, कुणी म्हणतं पलंग ओढतात, कुणाला वाटतं खलबत्ता कुटतायत, आणि जिथे वरचा फ्लॅट रिकामा असतो तिथे मग वेगळ्याच गोष्टी सुरू होतात. मला घरातल्या आवाजांच्या मागे लागायची पहिल्यापासून आवड आहे, आता आमच्या सोसायटीत कुणाकडे काही वाजायला लागलं की मलाच बोलावतात, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीय की आवाज कुठून येतोय हे आधी शोधायलाच जायचं नाही. कधी येतोय ते आधी लिहून काढायचं.

का ते सांगते. आपल्याला दिशा कळते ती दोन कान आहेत म्हणून. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला नंतर, आणि हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा पाऊण हिस्सा वगैरे असतो, तेवढ्यावरून मेंदू बरोब्बर ठरवतो. पण हे सगळं हवेतून येणाऱ्या आवाजाला लागू. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, काँक्रीटमध्ये तोच तीन-साडेतीन हजार मीटर पळतो. आरसीसी बिल्डिंगमध्ये कॉलम, बीम, स्लॅब सगळं एकमेकांत ओतलेलं, त्यामुळे तळमजल्यावर पाइपला बसलेला दणका कॉलममधून वर चढतो आणि जिथे मोठा सपाट भाग हलायला मोकळा मिळेल तिथून बाहेर पडतो, म्हणजे तुमच्या बेडरूमच्या छतातून. सगळं छतच वाजतं. मग तुम्ही शपथेवर सांगता की वरूनच आला, आणि कानाच्या दृष्टीने ते खोटंही नसतं.

आमच्याच बिल्डिंगमधलं प्रकरण सांगते कारण त्यात सगळंच आलं. तिसऱ्या मजल्यावर एक काका, बँकेतून रिटायर झालेले, आणि त्यांच्या बरोबर वर एक आजी-आजोबा. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या वॉकर घेऊन चालायला लागल्या आणि साधारण त्याच सुमारास काकांना रात्री आवाज यायला लागला. मग काय, काकांच्या डोक्यात वॉकर बसला तो बसलाच. आधी तोंडी सांगणं, मग वॉकरला रबरी बुच लावून झाली, मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज, मग सेक्रेटरींकडे लेखी अर्ज, आणि दिवाळीला एकमेकांकडे फराळाचं ताटसुद्धा गेलं नाही. वीस-पंचवीस वर्षांचा शेजार. मला खरंच हे बघवत नव्हतं. आजी तर रात्री बाथरूमला उठायलाच घाबरायला लागल्या होत्या, की खाली आवाज जाईल.

काका म्हणाले, "अगं तूच ऐक ना एकदा, वॉकरचाच आहे तो आवाज." मी म्हटलं, "काका, तुम्ही फक्त एक वही घ्या आणि वेळ लिहा. कुठून आला ते लिहूच नका."

बँकेतला माणूस, वही एकदम टापटीप. आणि वही बघितल्यावर दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक म्हणजे रात्रीतले आवाज जवळपास सारख्या अंतराने, दोनएक तासांनी येत होते, आणि बाथरूमला जाणारा माणूस काही असा टाइमटेबल लावून उठत नाही. आणि दुसरी, गुरुवारी रात्री काहीच नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. पुण्यातल्या माणसाला गुरुवार म्हटलं की काय आठवतं? दुरुस्तीसाठी पाणी बंद! महापालिकेचं पाणी आलं नाही, खालची टाकी रिकामी, मोटर चालत नाही, आवाज नाही. ज्या रात्री लाइट गेली होती ती रात्रही वहीत कोरीच होती.

मग वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, मोटर आता ऑटोवर केलीय, वरची टाकी खाली गेली की आपोआप चालू, भरली की बंद." म्हणजे दर दोन तासांनी वरची टाकी उतरत होती. पण रात्री दोनला पाणी कोण वापरतंय? कुणीच नाही. दुसऱ्या विंगमधल्या एका फ्लॅटचा फ्लश टँक आतून गळत होता, इतका बारीक की कमोडमध्ये बघूनही कळत नव्हतं. याची टेस्ट सोपी आहे, फ्लशच्या टाकीत कपड्याला घालतो त्या निळीचे थेंब टाकायचे आणि फ्लश न करता थोडा वेळ थांबायचं. कमोडमध्ये निळं उतरलं की गळतंय.

आता मोटर बंद झाल्यावर दणका का? पाइपमध्ये पाण्याचा उभा स्तंभ वर चढत असतो. मोटर बंद झाली की तो क्षणभर थांबतो आणि मागे फिरतो. त्याला अडवायला खाली एनआरव्ही असतो, प्लंबर लोक 'नॉन रिटर्न' म्हणतात तो. आमच्याकडचा होता जुना झडपेचा, दाराच्या फळीसारखी झडप, जी पाणी उलटं फिरून वेग घेईपर्यंत मिटायचीच नाही, आणि मग एकदम धाड. वेगात असलेलं पाणी असं एकदम अडवलं की पाइपात दाबाची लाट तयार होते आणि ती वर-खाली आपटत राहते. रशियातल्या निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाण्याच्या पाइपांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचा हिशोब मांडला, तो अजून तसाच वापरतात. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी झटक्यात थांबलं तर दाब सुमारे १३ बारने वाढतो, म्हणजे १३० मीटर उंच पाण्याच्या खांबाएवढा! आमच्या सात मजल्यांच्या टाकीचा दाब दोन-अडीच बारच्या आत असतो, त्यावर हा पूर्ण नाही, याचा थोडा भाग जरी बसला तरी काय होत असेल बघा. पहिला धप्प हा झडपेचा, आणि नंतरची टकटक म्हणजे ती लाट परत परत येऊन झडप आणि सैल क्लॅम्पमधला पाइप हलवते. गोटी उड्या मारत थांबते ना, ऐकायला साधारण तसंच.

फ्लशचा वॉशर बदलला, एनआरव्ही स्प्रिंगवाला बसवला (स्प्रिंगमुळे झडप पाणी उलटं फिरायच्या आधीच मिटते), आणि पाइप जिथे भिंतीला धरलाय तिथे क्लॅम्पखाली रबर घातलं. आवाज गेला. काका वर आजींकडे गेले, पण मला बरोबर घेऊन गेले, एकट्याने जायला अवघड वाटत होतं त्यांना. आजींनी काहीच बोलून दाखवलं नाही, सरळ चहा टाकला.

सगळेच आवाज इतके लांबचे नसतात. सकाळी अंघोळी चालू असताना आणि नंतर बराच वेळ भिंतीत टिक टिक होत असेल तर तो गरम पाण्याचा पाइप. हल्ली सगळीकडे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचा प्लास्टिकचा पाइप असतो आणि तो गरम झाला की चांगलाच वाढतो, ३ मीटरचा तुकडा ४० अंशांनी तापला तर सात-आठ मिलिमीटर. प्लास्टरमध्ये घट्ट बसलेला पाइप एवढा सरकायचा तर अडत अडतच सरकणार. सोलर असेल तर हा आवाज हमखास. त्याने काही बिघडत नाही.

शोधायला सगळ्यात छळणारा आवाज म्हणजे बारीक 'टींव'. मिनिटाला एकदा वगैरे. लॉफ्टवर टाकून दिलेल्या जुन्या यूपीएसचा, इन्व्हर्टरचा, कुठल्यातरी खेळण्याचा. यात कान फसतातच आणि त्याला कारण आहे. जाड आवाजाची दिशा आपण वेळेच्या फरकावरून ओळखतो, बारीक आवाजाची डोक्याच्या आडोशाने एका कानाला कमी ऐकू येतं त्यावरून, हे इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्येच मांडलं होतं, आणि हे बझर नेमके दोन्हीच्या मधल्या पट्टीत, ३००० हर्ट्झच्या आसपास वाजतात जिथे दोन्ही युक्त्या कच्च्या पडतात. त्यात आवाज इतका छोटा की मान वळवेपर्यंत संपतो. मग एकच उपाय, प्रत्येक खोलीत एकेकाने बसायचं, दार लावून, आणि कुणाला सगळ्यात मोठा आला ते विचारायचं. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे हाच आवाज पहाटे यायचा, फक्त पहाटे. तिकडे छताला धुराचे अलार्म असतात, बॅटरी उतरली की ते असे ओरडतात, आणि पहाटे का तर घर थंड झालं की बॅटरी अजून थोडी मंदावते. दिवसा घर तापलं की परत गप्प.

एकसारखी गुणगुण असेल तर बहुतेक विजेची. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचं किंवा चोकचं लोखंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणलं जातं म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची येते. पंखा गुणगुणत असेल तर रेग्युलेटर फुलवर करून बघा. फुलवर आवाज गेला आणि कमीवर परत आला तर दोष पंख्याचा नाही, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून देतो त्याचा आहे.

गावच्या घराचं शास्त्रच वेगळं. आमचं घर राजापूरकडे, पडवीवर पत्रा. दिवस कलला की पत्रा कडकड वाजायला लागतो कारण दिवसभर ताणलेला तो आता आखडत असतो. भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळते ती चिचुंद्री. आणि रात्री सामसूम झाल्यावर माजघरातल्या जुन्या पलंगातून जी कुरकुर येते, अगदी लयीत, ती लाकडाला भुंगा लागल्याची. त्याची अळी आतून लाकूड खाते तो आवाज. खात्री करायची असेल तर पलंगाखाली काळा कागद पसरून ठेवायचा, सकाळी पिठासारखा भुसा पडलेला दिसतो. याला वेळेत औषध नाही मारलं तर शेजारच्या वाशांपर्यंत जातो.

आणि काही आवाज खरोखरच घराबाहेरचे, जमिनीतले. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षं जमिनीतून गुडगुड ऐकू येते, फडताळातली भांडी वाजतात, लोक घाबरून अंगणात येतात. छोटे, उथळ भूकंप असतात ते, धक्का फारसा जाणवत नाही पण लाट जमिनीबाहेर पडताना हवेत आवाज होऊन येते. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर त्याच भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो मात्र लांब लांबपर्यंत जाणवला. त्या लोकांना उगाच काहीतरी ऐकू येतं असं ज्यांना वाटत होतं त्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं.

वही-बिही सगळं ठीक, पण एका आवाजाला वही लागत नाही. स्विचबोर्डमधून, मीटरच्या डब्यातून किंवा गिझरच्या प्लगमधून चरचर किंवा बारीक तडतड येत असेल, जवळ जळकट वास असेल, प्लेट गरम लागत असेल तर आत वायर सैल आहे आणि ठिणगी उडतेय. तिथे कान लावत बसू नका, स्क्रू खोलून बघू नका, मेन स्विच पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो पाडलेलाच राहू दे.