मीटरवरचे चक्र

दुष्काळात घरगुती पाणीवापराची तपासणी करायला मी जातो, तेव्हा बहुतेक ठिकाणी पाणी कोठे वाया जाते हे घरच्यांना दाखवून द्यावे लागते. परंतु त्या दिवशीच्या घरातील वृद्ध दांपत्य आधीच पाणी फार जपून वापरत होते. अंघोळ एका बादलीत, भांडी टबात बुचकळून, भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना, असे सगळे करूनही मीटरवरचा वापर म्हणावा तसा कमी होत नव्हता. "अहो, आता आणखी काय कमी करायचं?" असे काकूंनी विचारले, तेव्हा त्यांच्या स्वरातला अपराधीपणा मला फार लागला.

घरातले सगळे नळ बंद करून आम्ही मीटरपाशी गेलो. तबकडीवरचे लहान लाल चक्र संथपणे, पण न थांबता फिरत होते. संडासातल्या फ्लशचा कॉक बंद करताच मात्र ते थांबले. कॉक पुन्हा उघडून मी फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला आणि कोणीही फ्लश करू नये असे सांगितले. थोड्याच वेळात भांड्याच्या आतल्या बाजूने एक बारीक गुलाबी ओघळ उतरताना दिसला. टाकीच्या तळाशी असलेल्या झडपेचे रबर क्षार साचून कडक झाले होते. अशी गळती मिनिटाला केवळ 100 मिलिलिटर असली, तरी दिवसाचे 144 लिटर होतात, हे मी कागदावर गुणून दाखवले, तेव्हा काका त्या आकड्याकडे बघतच राहिले. तिचा आवाज येत नाही, ओल दिसत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते दुष्काळात काटकसरीच्याही आधी मीटर पाहायला हवा.

रबर लगेच बदलले. मग बागेकडे वळलो. काका रोज दुपारी पाइपने सगळीकडे थोडे थोडे पाणी मारत असत. खुरप्याने माती उकरली, तर बोटाच्या पेराएवढा वरचा थर ओला आणि त्याखाली सगळी कोरडी ठणठणीत निघाली. असे वरवरचे पाणी उन्हाने उडून जाते आणि मुळेही वरच राहतात. त्याऐवजी पहाटे किंवा संध्याकाळी, चार-सहा दिवसांच्या अंतराने, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे, झाडाचे आळे खोडालगत न ठेवता फांद्यांच्या घेराच्या कडेपर्यंत रुंद करावे आणि त्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे, असे मी सुचवले.

हिरवळीचे पाणी तोडण्याचा विषय निघाला, तेव्हा काकूंना ते जड गेले. हिरवळ पिवळी पडली, तरी तिची मुळे बहुधा तग धरतात आणि पावसानंतर ती पुन्हा फुटते, मोठे झाड मात्र एकदा वाळले की गेलेच, असे समजावल्यावर त्या राजी झाल्या. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालू का, असे त्यांनी निघताना विचारले. त्यात क्षार अधिक असतात आणि ते मातीत साचत जातात, म्हणून ते फरशी पुसायला आणि फ्लशसाठी वापरायचे ठरले.