रविवारी फिजिओ नसतात (आईच्या खुब्याचं ऑपरेशन, माझा अनुभव)
आईचा खुबा बदलला शनिवारी. वय ७४. ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. राउंडला डॉक्टर म्हणाले उद्या उभं करा. आता उद्या म्हणजे रविवार, आणि रविवारी फिजिओ (म्हणजे व्यायाम करून घेणारे, चालवणारे फिजिओथेरपिस्ट) नसतात हे कुणी बोललंच नाही!! नऊला विचारलं तर "येतील", अकराला "फोन केलाय", दीडला कळलं की थेट सोमवारी. मग तुम्हीच करा ना उभं, तर सकाळच्या सिस्टर म्हणे फाइलमध्ये तसं लिहिलेलं नाही, आजी पडल्या तर जबाबदारी कोणाची. वॉकर कोपऱ्यात, आई पलंगावर, सांधा निखळू नये म्हणून पायांच्या मध्ये ती जाड त्रिकोणी उशी, त्यामुळे कुशीवर वळायची पण चोरी. बेडपॅन नको म्हणून तिने पाणीच सोडलेलं, हे मला दुपारी कळलं, तांब्या भरलेलाच होता. मी काउंटरवर जाऊन आवाज चढवला. उपयोग शून्य, उलट वॉर्डातल्या मावशीसुद्धा आमच्या खोलीत यायला बिचकायला लागल्या.

संध्याकाळी ड्युटी बदलली. नव्या सिस्टरनी फाइल वाचली, डॉक्टरांना फोन लावला, संपलं, दोन मिनिटांचं काम. दुखण्याचं औषध दिलं आणि अर्ध्या तासाने मावशींना घेऊन आल्या. पाय खाली सोडून आधी नुसतं बसवलं, बीपी बघितलं, एकदम उठवलं की चक्कर येते म्हणाल्या. "आजी, खाली नाही, माझ्याकडे बघा. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला." वॉकर धरून आईची बोटं पांढरी पडलेली. चार पावलं, खुर्ची. बसल्या बसल्या म्हणाली, चहा सांग.

सोमवारी फिजिओ आले तेव्हा आई त्यांनाच क्रम सांगत होती.

तर ऑपरेशनचा वार ठरवतानाच विचारून घ्या, सुट्टीच्या दिवशी पेशंटला उठवणार कोण. घरी देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची डिस्चार्जच्या आधीच आणा, कारण खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खुर्ची पण उंच लागते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पडल्या पडल्या पंजे वर-खाली करत राहायचं, हे तर पहिल्या दिवसापासून. आणि हो, वॉकरच्या पायांची रबरं तपासा, आमचं एक निघालेलं होतं, घरच्या फरशीवर सटकला तेव्हा लक्षात आलं, नशीब तेव्हा तो मी धरलेला होता.