बोटाखालची वर्षं

सकाळी काठावर दात वाजत होते. दुपारी तोच स्वेटर कमरेला, आणि शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीच्या दक्षिण काठापासून नदी सुमारे १४०० मीटर खाली. तेवढ्यात तापमान दहा-बारा अंशांनी चढतं. डोंगर चढण्याचा हिशोब इथे उलटा: आधी गारवा, मग भट्टी.

वरचा चुनखडक २७ कोटी वर्षांचा, तळातला काळा खडक १७० कोटींच्या आसपासचा. त्याचं नाव विष्णू शिस्ट. (हो, आपलाच विष्णू! मीही दचकलो.)

एका जागी तपकिरी वालुकाश्म थेट या काळ्या खडकावर बसलाय. सांध्यावर बोट ठेवलं. मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं तिथे नाहीतच, झिजून गेलेली.

बोटाला साधी खाचही लागली नाही.