दोन तासांच्या व्याख्यानातून अडीच मिनिटांचे उत्तर : माझा अनुभव

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात आम्ही माती व पाणी परीक्षणाची एक लहान प्रयोगशाळा चालवतो. लागणीच्या हंगामापूर्वी आमचे मृदाशास्त्रज्ञ गावोगावच्या मेळाव्यांत बोलतात आणि करोनाच्या काळापासून त्यांपैकी काही व्याख्याने झूमवरही होऊ लागली. अशा दीड-दोन तासांच्या चित्रमुद्रणांचा मोठा साठा आमच्याकडे तयार झाला. ती यूट्यूबवर ठेवलेली होती, पण शेवटपर्यंत पाहणारे थोडेच होते. ज्या शेतकऱ्याला त्यातील एका उत्तराची गरज असते, तो ते उत्तर दोन तासांच्या व्याख्यानात शोधत बसत नाही. या मुद्रणांतून लहान उभे व्हिडिओ काढावेत, ते इन्स्टाग्राम, यूट्यूब शॉर्ट्स आणि व्हॉट्सॲपवरून पोहोचवावेत आणि त्यातून परीक्षणासाठी नमुने वाढावेत, असा आमचा सरळ व्यावसायिक हेतू होता. हे काम मी स्वतः हाती घेतले. काय ठेवायचे हे ठरवणे त्यात सोपे होते. काय सुटता कामा नये हे ठरवायलाच सर्वाधिक वेळ लागला.

लांब मुद्रण दिले की त्यातून आपोआप लहान तुकडे निवडून देणाऱ्या सेवा आता बऱ्याच आहेत. त्यांपैकी एक मी वापरून पाहिली. तिने निवडलेल्या तुकड्यांत वक्त्याचा आवाज चढलेला होता, सभागृहात हशा पिकलेला होता किंवा एखादे ठाम वाक्य होते. पाहायला ते चांगले वाटत होते, पण त्यांपैकी बहुतेकांतून शेतकऱ्याच्या हाती काही लागत नव्हते. मग मी मुद्रणे स्वतः ऐकायला बसलो. तेव्हा असे आढळले की उपयोगी मजकूर मुख्य भाषणापेक्षा शेवटच्या प्रश्नोत्तरांत जास्त आहे. भाषणात वक्ता विषयाची इमारत रचत जातो, त्यामुळे मधला एक भाग काढला की त्याला आधार उरत नाही. प्रश्न विचारणारा शेतकरी मात्र आपले रान, आपले पाणी आणि आपली अडचण सांगून मोकळा होतो, आणि उत्तरही त्याच मापाचे येते. तेव्हापासून मी निवडीची सुरुवात व्याख्यानाच्या शेवटाकडून करतो आणि प्रत्येक लहान व्हिडिओत एकच प्रश्न ठेवतो.

कापताना काय सुटता कामा नये, हे जिप्समच्या उदाहरणावरून सांगतो. आमच्या भागात अतिरिक्त पाण्यामुळे आणि निचऱ्याअभावी जमिनी बिघडल्या आहेत, त्यामुळे जिप्सम किती टाकायचे हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात येतो. एका मुद्रणात आमचे शास्त्रज्ञ अतिशय स्पष्ट शब्दांत सांगतात की, जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेली, झाली असेल तर जिप्सम टाकावे, कारण त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते. हे वाक्य लहान व्हिडिओसाठी जणू मुद्दाम बोलल्यासारखे होते. मात्र त्याच व्याख्यानात बऱ्याच वेळाने ते पुढचा भाग सांगतात. जमीन चुनखडीयुक्त असेल तर तिच्यात कॅल्शियम आधीच भरपूर असते आणि तेथे गंधक वापरणे योग्य ठरते, कारण जिवाणूंच्या क्रियेने गंधकापासून आम्ल तयार होऊन चुनखडीतील कॅल्शियम मोकळे होते. जमीन चोपण नसून नुसती खारवट असेल, म्हणजे सामू (पीएच) ८.५ च्या आत पण विद्युत वाहकता (ईसी) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर जिप्समचा उपयोग नाही; तेथे चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. आणि कोणताही उपाय केला तरी निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जमिनीतच राहतो.

पहिले वाक्य तेवढे कापून प्रसारित केले असते तर ते वक्त्याचेच शब्द ठरले असते आणि तरीही सल्ला चुकीचा ठरला असता. चुनखडीच्या रानात कोणी जिप्समच्या गोण्या नेऊन ओतल्या असत्या आणि त्या खर्चाला आमचे नाव लागले असते. म्हणून मी एक नियम घातला की, उत्तराला जोडलेली अट त्याच व्हिडिओत आली पाहिजे. ती बसत नसेल तर तो व्हिडिओ करायचाच नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणची वाक्ये जोडावी लागली तर मध्ये साधी पाटी दाखवून जोड उघड ठेवायची आणि असा प्रत्येक व्हिडिओ प्रसारित करण्यापूर्वी वक्त्याला दाखवायचा. आमचे शास्त्रज्ञ हे काम मनापासून करतात. एकदा त्यांनी एका तुकड्यातील ‘साधारणपणे’ हा शब्द गाळल्याचे दाखवून तो परत घालायला लावला, आणि मला ते पूर्णपणे पटले.

या नियमाला वेळेच्या मर्यादेची साथ मिळाली. यूट्यूब शॉर्ट्ससाठी पूर्वी ६० सेकंदांचीच मुभा होती. १५ ऑक्टोबर २०२४ पासून ती ३ मिनिटे झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनेही रील्सची मर्यादा ३ मिनिटांवर नेली. जिप्समचे उत्तर सर्व अटींसह अडीच मिनिटांच्या आसपास बसले. व्हिडिओ जितका लहान तितका चांगला, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. आमच्या व्यवसायात तो लागू पडत नाही, कारण आमचा प्रेक्षक वेळ घालवण्यासाठी नव्हे, निर्णय घेण्यासाठी पाहत असतो.

निवड वेगाने होण्यासाठी मुद्रणाचे लिखित रूप हाताशी असणे आवश्यक आहे. ऐकत बसण्यापेक्षा वाचणे फार लवकर होते आणि अट कोठे सांगितली आहे हे कागदावर पटकन सापडते. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुली केलेली व्हिस्पर ही प्रणाली मराठी बोलणे लिहून देते आणि प्रत्येक वाक्याची वेळही नोंदवते. सर्वसाधारण वाक्ये ती बरी लिहिते. शेतीतील शब्दांवर मात्र अडते. ‘चोपण’ जमिनीची ‘चोपन्न’ जमीन होते, ‘ईसी’चे हिंदी ‘इसी’ होते, आणि गावाकडच्या बोलीतील क्रियापदांची रूपे भलतीच उतरतात. अशा शब्दांची यादी मी करून ठेवली आहे आणि मजकूर तिच्याशी ताडूनच पुढे जातो. आकडे मात्र यादीवर सोडत नाही. किलो, टन, एकर आणि हेक्टर हे प्रत्येक वेळी मूळ आवाज ऐकूनच तपासावे लागतात.

चित्राच्या बाबतीत साधे गणित आधी मांडायला हवे. झूमचे मुद्रण १२८० बाय ७२० चे असेल तर त्यातून ९:१६ प्रमाणात उभा भाग काढल्यावर रुंदी केवळ ४०५ बिंदूंची (पिक्सेलची) उरते आणि १०८० बिंदूंपर्यंत ताणली की चेहरा पुसट दिसतो. १०८०पी मुद्रणातून साधारण ६०७ बिंदू मिळतात. फोर-केमधून १२१५ मिळतात आणि तेथे ताणण्याची गरजच पडत नाही. म्हणून जुन्या झूम मुद्रणांत मी वक्त्याला पूर्ण पडदा देत नाही. खालच्या अर्ध्या भागात वक्ता ठेवतो आणि वरच्या भागात त्याच्या सादरीकरणातील तक्ता मोठ्या अक्षरांत नव्याने करून घालतो. मूळ तक्ता तसाच लहान करून टाकला तर मोबाइलवर एकही आकडा वाचता येत नाही.

खालील मजकूर, म्हणजे उपशीर्षके, आमच्यासाठी अनिवार्य आहेत, कारण अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात आणि सभागृहातील पंख्यांचा घरघराट पूर्ण काढला तर आवाजही पातळ होतो. काही संपादन प्रणालींत देवनागरी जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. त्यामुळे कोणतीही नवी प्रणाली घेताना मी प्रथम ‘क्षारयुक्त’, ‘विद्राव्य’, ‘अन्नद्रव्य’ हे शब्द टाकून पाहतो. टंक (फॉन्ट) म्हणून ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ वापरतो. तो युनिकोड असून विनामूल्य मिळतो आणि लहान पडद्यावर स्पष्ट दिसतो. मजकूर अगदी तळाशी ठेवला तर तो ॲपच्या स्वतःच्या मजकुराखाली झाकला जातो, म्हणून तो पडद्याच्या मध्याच्या किंचित खाली बसवतो. पार्श्वसंगीत घालत नाही.

परवानगीच्या बाबतीत सवलत घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते. प्रश्न विचारणारा शेतकरी मेळाव्याला आलेला असतो, जाहिरातीला नव्हे. त्याचा चेहरा किंवा आवाज येणार असेल तर त्याला दूरध्वनी करून विचारतो; नकार आला तर प्रश्न लिखित स्वरूपात दाखवतो आणि उत्तर तेवढे ठेवतो. पडद्यावर दाखवलेल्या परीक्षण अहवालातील नाव आणि गट क्रमांक झाकणे तर ओघानेच आले.

प्रसारणाची वेळ आम्ही उसाच्या हंगामावरून ठरवतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि ‘सुरू’ नावाची लागण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते. माती काढण्याची वेळ त्यापूर्वीची, म्हणजे रान मोकळे असताना आणि खत पडण्याआधीची. त्याच सुमारास नमुना कसा काढावा याचे व्हिडिओ जातात : व्ही आकाराचा खड्डा, उसासाठी सुमारे ३० सेंटिमीटर खोली, बांध, विहीर, झाडाखालची जागा आणि खताचा ढीग टाळणे, निरनिराळ्या ठिकाणची माती एकत्र करून चार भाग करत अर्धा किलोपर्यंत आणणे, सावलीत वाळवणे आणि कापडी पिशवीत भरणे. शॉर्ट्सच्या वर्णनातील दुव्यांवर टिचकी मारता येत नाही, मात्र ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून आपला लांब व्हिडिओ जोडता येतो. म्हणून मूळ व्याख्यानांना वेळेनुसार प्रकरणे पाडून घेतली. ज्याला पुढचे ऐकायचे आहे त्याला नेमकी जागा सापडते.

परिणाम मोजताना दृश्यसंख्येवर मी विसंबत नाही. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की यूट्यूब ते दृश्य धरते, मग पाहणाऱ्याने लगेच पुढे सरकवले तरी चालते. त्यापेक्षा लोक कोणत्या सेकंदाला सोडून जातात, तो आलेख उपयोगी पडतो. प्रश्न पहिल्याच वाक्यात ऐकू आला नाही तर घसरण तेथेच सुरू होते. खरी मोजणी मात्र आमच्या नमुना नोंदवहीत होते. तिथे ‘कोठून कळले’ असा एक रकाना वाढवला. व्हिडिओ पाहून येणाऱ्यांचे नमुने वाढले, त्याहून मला समाधान वाटले ते नमुन्यांच्या दर्जाचे. प्लॅस्टिकच्या पिशवीतील ओली माती आणि बांधाकडेची मूठभर माती येणे कमी झाले आणि त्यामुळे प्रयोगशाळेचे दुबार काम वाचले. मेळाव्यातही प्रश्न बदलले. “साहेब, चुनखडी हाय का नाय ते आधी बघायचं म्हणताय, तर ते कसं कळायचं?” असे एका आजोबांनी विचारले. चुनखडीची अट व्हिडिओत ठेवली होती, म्हणूनच हा प्रश्न आला. त्याचे उत्तरही आम्ही मुद्रित केले : मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की फेस येतो, आणि नेमके प्रमाण परीक्षणात कळते.

आता नवी व्याख्याने मुद्रित करतानाच पुढचा विचार होतो. वक्त्याच्या सदऱ्याला लहान माइक लावतो, फोर-के मुद्रण करतो, आणि प्रत्येक प्रश्न ध्वनिक्षेपकावर पुन्हा उच्चारून मगच उत्तर द्यावे, अशी वक्त्याला विनंती करतो. भूमिगत निचरा प्रणालीवरच्या व्याख्यानातून मात्र एकही लहान व्हिडिओ काढलेला नाही. उतार, चरांची खोली, दोन चरांतील अंतर आणि शेजाऱ्याच्या शेतातून पाणी बाहेर काढण्याची सोय या गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की, त्यातील कोणताही तुकडा वेगळा केला की अर्धा खर्च सांगितल्यासारखा होतो. ते व्याख्यान आम्ही पूर्णच ठेवले आहे आणि विचारणाऱ्याला त्याचाच दुवा पाठवतो.