०.०३ ची घसरण

"निर्देशांक ०.६२ वरून ०.५९ वर आला, म्हणजे लोकशाही खालावली." आज वाचलेल्या एका संशोधन प्रस्तावातलं वाक्य. पुढची सगळी मांडणी त्याच्यावरच उभी.

आकडे व्ही-डेमचे, म्हणजे स्वीडनच्या गोटेनबर्ग विद्यापीठातल्या, देशोदेशीची लोकशाही मोजणाऱ्या प्रकल्पाचे. १७८९ पासूनची माहिती, तीही फुकट. पण त्यातले बरेच निर्देशक तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांवर आधारलेले असतात, म्हणून अंदाजासोबत खालची आणि वरची मर्यादाही दिलेली असते. फाइलमध्ये त्यांचे वेगळे रकाने आहेत, 'कोडलो' आणि 'कोडहाय'. या मर्यादांमधले दोन वर्षांचे पट्टे एकमेकांवर बरेच चढत असतील, तर घसरण झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पुष्कळ जण ते रकाने उघडतच नाहीत. आलेख मात्र देखणा काढतात!

राज्यशास्त्र शिकून काय, पुढारी होणार का, हे विचारणारे अजून आहेतच. प्रत्यक्षात सर्वेक्षण संस्था, धोरण-संशोधन, राजकीय जोखमीचं विश्लेषण इथे उपयोगी पडते ती नेमकी ही तपासून बघण्याची सवय. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात, तेव्हा डेटा आणि 'आर' किंवा पायथन या संगणकभाषांमधला कोडही जोडावा. तो दुसऱ्याच्या संगणकावर चालतो का, हे आधी पाहावं. बहुतेकदा अडतं ते फाइलच्या पत्त्यावर किंवा पॅकेजच्या, म्हणजे वापरलेल्या तयार कोडसंचाच्या, आवृत्तीवर. 'अमेरिकन जर्नल ऑफ पॉलिटिकल सायन्स'ने तर छापण्याआधी कोड चालवून निकाल पडताळण्याची पद्धतच घातली.

तुमच्याकडे प्रबंध तपासताना कोड कुणी चालवून बघतं का?